टक्के पन्नास, पण हप्ता कोण भरतं?

टोरांटोहून एका मराठी इंजिनिअरने विचारलंय, ते थोडक्यात असं. पवनचक्क्या उभारणाऱ्या एका कंपनीत फर्स्ट नेशन्सशी, म्हणजे कॅनडातल्या आदिवासी समूहांशी भागीदारी सांभाळायचं काम त्यांना मिळतंय. कंपनी सांगते की प्रकल्पात फर्स्ट नेशनची पन्नास टक्के मालकी आहे. ही मालकी खरी असते की फोटोपुरती? ज्या वस्त्यांत अजून ‘पाणी उकळून प्या’ अशा पाट्या लागतात, त्यांच्याकडे प्रकल्पात घालायला कोट्यवधी डॉलर येतात कुठून? आणि जाता जाता, ‘आपल्याकडे सातपुड्यात असं का होत नाही?’

मी सोळा वर्षं या वाटाघाटींत फर्स्ट नेशन्सच्या बाजूने बसते आहे. काम हिशेबनिसाचं. समोरची कंपनी जी एक्सेल शीट पाठवते ती उलगडायची आणि चीफ व कौन्सिलला, म्हणजे समूहाच्या प्रमुखाला आणि कारभारी मंडळाला, सांगायचं की यात तुमच्या पदरात नेमकं काय पडणार. त्यामुळे माझं उत्तर हिशेबाच्या वाटेने जाईल.

मालकी खरी असते. पण टक्का ऐकून काहीच कळत नाही. तो टक्का विकत घ्यायला पैसे कुठून आणले आणि वारा पडला त्या वर्षी कोणाच्या ताटातली भाकरी आधी कमी होते, या दोन गोष्टी कळल्या की चित्र स्पष्ट होतं.

आधी पैशाची गोष्ट. इथे १८७६ चा ‘इंडियन अ‍ॅक्ट’ आजही लागू आहे. (माझ्या जुन्या पासपोर्टवरही इंडियन आणि या कायद्यातही इंडियन, यावरून बैठकीत एकदा तरी विनोद होतोच, तुम्हीही तयारी ठेवा.) या कायद्याचं कलम ८९ म्हणतं की राखीव जमिनीवरची फर्स्ट नेशनची मालमत्ता बाहेरच्या कोणाला गहाण घेता येत नाही, जप्तही करता येत नाही. हेतू चांगला, सावकाराने जमीन गिळू नये. परिणाम असा की बँकेकडे ठेवायला तारणच नाही. राखीव जमीन कायद्याने राजसत्तेच्या, म्हणजे सरकारच्या नावावर, समूहाकडे फक्त वापराचा हक्क. शिवाय १९२७ ते १९५१ या काळात जमिनीच्या दाव्यासाठी वर्गणी काढून वकील करणं हासुद्धा गुन्हा होता. चार पिढ्या ज्यांना गाठीला पैसा बांधूच दिला नाही, त्यांना आज ‘भागीदार व्हा, तुमच्या वाट्याचे दीड कोट आणा’ म्हणायचं, म्हणजे आडात नाही ते पोहऱ्यात मागायचं.

ही अडचण सुटली ती सरकारी कर्जहमीने. ओंटारिओने २००९ मध्ये वीजप्रकल्पांसाठी अशी हमी सुरू केली. अल्बर्टाने २०१९ मध्ये त्यासाठी वेगळं महामंडळच काढलं. केंद्राने २०२४ च्या अर्थसंकल्पात ५ अब्ज डॉलरची योजना जाहीर केली आणि २०२५ मध्ये मर्यादा १० अब्जांवर नेली. यात सरकार पैसे देत नाही, ‘हप्ता थकला तर आम्ही भरू’ एवढंच बँकेला सांगतं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण सगळा खेळ तिथेच आहे, म्हणून एक गणित करून दाखवते. आकडे माझे, समजण्यापुरते, पण प्रमाण खऱ्या प्रकल्पांसारखंच.

समजा १० कोटी डॉलरचा पवनप्रकल्प आहे. ७ कोटी बँकेचं कर्ज, २० वर्षं, साडेपाच टक्के. उरलेले ३ कोटी भागभांडवल, त्यात निम्मा वाटा फर्स्ट नेशनचा, म्हणजे दीड कोट. वर्षाची विक्री १ कोटी २० लाख. देखभाल, विमा, जमिनीचं भाडं मिळून २४ लाख जातात. बँकेचा वार्षिक हप्ता साधारण ५८ लाख ६० हजार. राहिले ३७ लाख ४० हजार. निम्मे म्हणजे १८ लाख ७० हजार फर्स्ट नेशनचे. इथपर्यंत कंपनीचं सादरीकरण असतं, आणि इथेच ते थांबतं.

पण ते दीड कोट समूहानेही कर्ज काढून आणलेत ना! हमी असेल तर पाच टक्क्यांच्या आसपास मिळतात. वर्षाचा हप्ता १२ लाख, हातात ६ लाख ७० हजार. हमी नसेल तर नऊ टक्के धरा. हप्ता १६ लाख ४० हजार, हातात सव्वादोन लाख. वारा तोच, टक्का तोच.

आता एक वर्ष वारा कमी वाहिला आणि वीज दहा टक्के कमी निघाली असं धरा. असं होतं, त्यात नवल नाही. विक्री १ कोटी ८ लाखांवर येते, पण खर्च आणि बँकेचा हप्ता एक पैसाही कमी होत नाही. वाटायला उरतात २५ लाख ४० हजार, निम्मे १२ लाख ७० हजार. पाच टक्केवाल्याच्या हातात साठ-सत्तर हजार. नऊ टक्केवाल्याने खिशातून ३ लाख ७० हजार घालायचे. विजेत दहा टक्क्यांची घट आणि दुसऱ्याच्या घरात येणारा पैसा शून्याखाली. ‘पन्नास टक्के मालक’ दोघेही.

म्हणून कंपनीने टक्का सांगितला की मी विचारते, कर्ज कोणी दिलं, कितीने दिलं, आणि वाईट वर्षात समूहाच्या कर्जाला मुदत मिळते का? चांगल्या करारात सुरुवातीपासून एक राखीव निधी बाजूला ठेवलेला असतो, सहा महिन्यांच्या हप्त्याइतका. तो नसेल तर पहिल्याच पडत्या वर्षात समूह आपला वाटा त्याच कंपनीला पडेल भावात विकतो. हे मी एकदा डोळ्यांनी पाहिलं आहे. नाव सांगणार नाही, पण मॉडेलमध्ये त्या निधीचा रकाना होता आणि त्यात शून्य लिहिलेलं होतं.

दुसरी जागा जिथे पैसा गळतो ती म्हणजे देखभालीचा करार. पवनचक्क्यांची देखभाल बहुतेक वेळा त्याच कंपनीची बहीण-कंपनी करते. तिचं बिल आधी जातं, बँक नंतर, आणि मालकांचा वाटा सर्वांत शेवटी. त्या बिलात दरसाल दोन-तीन लाख फुगवले की लोणी वरच्या वर निघतं आणि निम्म्या मालकाच्या वाट्याला ताक येतं. यावर उपाय मतदानाच्या हक्काचा आहे. स्वतःच्या बहीण-कंपनीला दिलेल्या कामावर त्या भागीदाराला मत नसावं, दर बाहेरच्या तज्ज्ञाने तपासावा, आणि प्रकल्प विकणं, पुन्हा कर्ज काढणं, यंत्रं बदलणं यांवर समूहाचा नकाराधिकार असावा. हे लिहिलेलं असेल तर तीस टक्केसुद्धा दमदार. नसेल तर एक्कावन्न टक्केही देव्हाऱ्यातल्या देवासारखे, नैवेद्य दाखवायचा आणि खायचा आपणच.

खरे प्रकल्प पाहायचे तर ओंटारिओत जॉर्जियन बेच्या काठचा हेन्वी इनलेट घ्या. ३०० मेगावॅट, ८७ पवनचक्क्या, २०१९ पासून सुरू. निम्मी मालकी हेन्वी इनलेट फर्स्ट नेशनच्या निगिग पॉवरची, निम्मी पॅटर्न एनर्जी या खाजगी कंपनीची. मला त्यातली टक्केवारी तितकी महत्त्वाची वाटत नाही. या समूहाने आधी स्वतःचा जमीन कायदा मंजूर करून घेतला, इंडियन अ‍ॅक्टची जमिनीविषयीची कलमं बाजूला सारली, पर्यावरणाचे नियमही स्वतःचे केले. त्यामुळे राखीव जमिनीवरच्या भाडेपट्ट्याला बँकेने तारण म्हणून किंमत दिली. कागद आधी, यंत्रं नंतर, हा क्रम त्यांनी पाळला.

क्यूबेकच्या गास्पे भागात तीन मिगमॉ समूहांचा निम्मा वाटा असलेला १५० मेगावॅटचा प्रकल्प २०१६ पासून चालतोय, तोही याच जातकुळीतला. ओंटारिओतल्या ओनायडा बॅटरी प्रकल्पात (२५० मेगावॅट, मे २०२५ पासून सुरू) सिक्स नेशन्सचं विकास महामंडळ भागीदार आहे. ती यादी लांबवत नाही.

उलटं उदाहरण मात्र जरूर अभ्यासा. मॅनिटोबातलं वुस्क्वाटिम जलविद्युत केंद्र, २०० मेगावॅट, २०१२ मध्ये सुरू. निसिचावयासिक क्री नेशनला त्यात एकतृतीयांश वाटा. बांधकामाचा खर्च वाढला, अमेरिकेला विकायच्या विजेचे दर पडले, सुरुवातीची वर्षं तोट्यात गेली आणि करार पुन्हा लिहावा लागला. दोष कोणाच्या हेतूचा नव्हता. नियोजन झालं तेव्हाच्या विजेच्या दरावर सगळे हिशेब बेतले होते. पवनप्रकल्पात बहुधा वीस वर्षांचा ठरलेला दर असतो, तिथे हा धोका कमी. जिथे वीज खुल्या बाजारात विकायची असेल तिथे मी फर्स्ट नेशनला सामान्य भागभांडवल घेऊच देत नाही. ठरावीक परतावा देणारा प्राधान्य वाटा घ्या म्हणते. परतावा कमी मिळतो, पण झोप लागते.

आता वस्त्यांचं. ‘स्वच्छ ऊर्जा’ म्हटलं की आपण हवामानाचं बोलतो, पण उत्तरेत आधी डिझेलचं बोलतात. शेकडो वस्त्या ग्रिडपासून दूर, गावाच्या टोकाला जनरेटर, दिवसरात्र त्याची घरघर. जनरेटरची क्षमता संपली की नव्या घराला जोडणीच मिळत नाही. घर बांधून तयार, आत कुटुंब राहायला आतुर, आणि वीज नाही म्हणून कुलूप. उत्तर-पश्चिम ओंटारिओत यासाठी २४ फर्स्ट नेशन्सनी एकत्र येऊन वाताय पॉवर ही पारेषण कंपनी काढली. एक्कावन्न टक्के त्यांचे, बाकी फोर्टिस आणि इतर खाजगी गुंतवणूकदारांचे. सुमारे १,८०० किलोमीटरची वाहिनी. पिकान्जिकम हे त्यातलं पहिलं गाव डिसेंबर २०१८ मध्ये ग्रिडला जोडलं गेलं. कंपनीचं पूर्ण नाव वातायनिकानेयाप, म्हणजे ‘प्रकाश आणणारी तार’. बोर्डावर कोरायला लांबलचक, पण तिथल्या आजीबाईंना समजावून सांगावं लागत नाही.

जिथे तार पोचणं शक्यच नाही तिथे सौर. युकॉनमधलं ओल्ड क्रो, आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला, अडीचशेच्या आसपास वस्ती, रस्ता नाही. डिझेल विमानाने येतं. वुन्टुट ग्विचिन या तिथल्या फर्स्ट नेशनच्या सरकारने २०२१ मध्ये तिथे ९४० किलोवॅटचा सौरप्रकल्प उभा केला. उन्हाळ्यात तिथे सूर्य मावळत नाही, नुसता घिरट्या घालतो, म्हणून पॅनेल दक्षिणेला न ठेवता पूर्व-पश्चिम तोंडाची बसवली. वर्षाला १ लाख ८९ हजार लिटर डिझेल वाचेल असा हिशेब. वीज कंपनीशी २५ वर्षांचा खरेदी करार आहे, म्हणजे ऊन गावाचं, पॅनेल गावाची आणि बिल कंपनीला. तुम्ही इंजिनिअर आहात म्हणून एक बारकावा सांगते: डिझेल जनरेटर साधारण तीस टक्के भाराखाली रेंगाळत ठेवला तर त्यात काजळी धरते आणि तो लवकर मरतो. म्हणून सौर वाढवायचं तर जनरेटर पूर्ण बंद करता आला पाहिजे, आणि त्यासाठी बॅटरी आणि नियंत्रक लागतात. ज्या प्रस्तावात नुसती पॅनेल आहेत, बॅटरी नाही, तो फोटोपुरता असण्याची शक्यता जास्त.

अशाच एका हिवाळी रस्त्याच्या गावात मी केलेली चूक सांगते. वर्षाचे नऊ महिने तिथे विमान किंवा होडी. जानेवारी ते मार्च तळी आणि दलदल गोठली की त्यावरून ट्रक जातात. मी मोठ्या हौसेने पंचवीस वर्षांचा नफ्याचा तक्ता पडद्यावर लावला होता. हॉलमध्ये कॉफी, बॅनक नावाची जाड रोटी, मागे पोरांचा दंगा. घरबांधणी सांभाळणाऱ्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘हे पैसे कुठल्या महिन्यात येतात?’ मी म्हटलं, बँक हिशेब तपासून मगच नफा वाटू देते, आणि ती तपासणी वर्षातून दोनदा, म्हणजे एप्रिल आणि ऑक्टोबर. त्या म्हणाल्या, ‘एप्रिलमध्ये रस्ता वितळलेला असतो. ऑक्टोबरचे पैसे कौन्सिलच्या मंजुरीतून सुटेपर्यंत जानेवारी उजाडते. लाकूड, खिडक्या, पाइप यांची ऑर्डर डिसेंबरच्या आधी गेली नाही तर तो ट्रक पुढच्या वर्षी येतो.’ म्हणजे माझ्या तक्त्यातला प्रत्येक डॉलर एक वर्ष उशिरा घर होणार होता. आम्ही बँकेशी भांडून तपासणीच्या तारखा सप्टेंबर आणि मार्चवर आणल्या आणि सप्टेंबरचा वाटा थेट गृहनिर्माण खात्यावर जाईल असं लिहून घेतलं. बँकेला त्याचा एक पैशाचाही खर्च आला नाही. तोवर कोणी विचारलं नव्हतं, एवढंच. त्यानंतर मी कोणत्याही गावात आधी कॅलेंडर मागते, मग तक्ता उघडते.

कंपन्या हे सगळं का करतात, हेही समजून घ्या. भूतदया थोडी, कायदा जास्त. २००४ च्या हैडा निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आदिवासी हक्कांवर परिणाम होणार असेल तर आधी सल्लामसलत करणं हे राजसत्तेचं कर्तव्य आहे. ते टाळून उभारलेला प्रकल्प कोर्टात अडकतो आणि अडकलेल्या प्रकल्पाला बँक कर्ज देत नाही. नॉर्वेतलं फोसेन आठवा. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनी ऑक्टोबर २०२१ मध्ये एकमताने सांगितलं की १५१ पवनचक्क्यांचे परवाने बेकायदा आहेत, सामी या तिथल्या आदिवासी रेनडिअर-पालकांच्या हक्कांवर घाला आहे. पवनचक्क्या मात्र उभ्या होत्या आणि फिरत होत्या. समझोते व्हायला २०२३ अखेर आणि २०२४ उजाडलं. हे पाहिलेला गुंतवणूकदार भागीदारीला खर्च मानत नाही, विमा मानतो.

आणि जिथे सरकारने अट घातली तिथे बाजार आपोआप सरळ झाला. ब्रिटिश कोलंबियाच्या वीज कंपनीने २०२४ च्या निविदेत फर्स्ट नेशनचा किमान २५ टक्के मालकी वाटा सक्तीचा केला. निवडून आलेल्या नऊ पवनप्रकल्पांत तो ४९ ते ५१ टक्के निघाला. किमान अट पंचवीस, स्पर्धेने ती पन्नासवर नेली. निविदेतल्या एका ओळीने जे केलं ते दहा वर्षांच्या परिषदांनी केलं नव्हतं.

समूहाच्या आतली गुंतागुंत वेगळीच. इंडियन अ‍ॅक्टखाली कौन्सिलची मुदत दोन वर्षांची. पवनप्रकल्प कागदापासून विजेपर्यंत यायला सात-आठ वर्षं लागतात, म्हणजे तीन-चार कौन्सिलं. म्हणून शहाणे समूह प्रकल्प कौन्सिलच्या हाती न ठेवता वेगळ्या विकास महामंडळाकडे देतात आणि नफ्याचं काय करायचं ते विश्वस्त निधीच्या नियमात आधीच बांधून टाकतात. माणशी वाटायचा की शाळा-घरांत घालायचा, यावर भाऊबंदकी होते. आपल्याकडच्या साखर कारखान्याच्या सर्वसाधारण सभेला बसला असाल तर तुम्हाला काही नवं वाटणार नाही.

रोजगाराचं आश्वासन मात्र मी नेहमी खोडून काढते. बांधकामात शेकडो हात लागतात, नंतर मोठ्या पवनप्रकल्पावरही कायमची माणसं फार थोडी. नोकऱ्या मिळतील म्हणून वाटा कमी घ्या असं कोणी म्हटलं तर उठून कॉफी आणायला जावं.

आता सातपुडा. मी मूळची धुळ्याची; साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरताना पाहूनच या धंद्यात आले, म्हणून हा प्रश्न मला टोचतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ वाचा. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला विकणं, गहाण ठेवणं, भाड्याने देणं यांना जिल्हाधिकाऱ्याची मंजुरी लागते, आणि पाच वर्षांपर्यंतचं गहाण वा भाडेपट्टा सोडला तर वर शासनाची मान्यताही. हेतू तोच जो इथल्या कलम ८९ चा, आणि अडचणही तीच: जमीन वाचते, पण कर्ज मिळत नाही. इथे ती कोंडी हमीने फोडली, जमीन मोकळी करून नव्हे. आपल्याकडे चर्चा सुरू झाली की पहिली सूचना ३६-अ सैल करण्याची येते. हा रोग सोडून रोग्यालाच पिटाळणं झालं.

सामूहिक मालकी आपल्या लोकांना जमत नाही हेही खरं नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले आणि ग्रामसभेने स्वतःचा बांबू स्वतः विकून दाखवला. विजेतही झालं आहे. धडगाव तालुक्यातल्या बिलगावला २००३ मध्ये उदई नदीच्या धबधब्यावर गावकऱ्यांनी श्रमदानाने छोटा जलविद्युत प्रकल्प उभारला. तंत्र केरळच्या तरुण अभियंत्यांचं, पाठबळ नर्मदा बचाव आंदोलनाचं. २००६ च्या पावसाळ्यात सरदार सरोवराच्या फुगवट्याने तो गेला. प्रकल्प गावाचा होता, नदीवरचा निर्णय गावाचा नव्हता. महावितरणच्या एखाद्या निविदेत ग्रामसभेच्या किमान वाट्याची एक ओळ आणि तिच्यामागे राज्याची कर्जहमी, एवढं कोणी करून पाहिलं तर मी सुट्टी काढून हिशेब करायला येईन.

तुमच्या नोकरीचं: घ्या, पण आधी तीन कागद मागा. समूहाच्या कर्जाचं पत्र, देखभालीचा करार, आणि कोणत्या निर्णयांना दोन्ही भागीदारांची सही लागते ती यादी. गोपनीयतेमुळे आकडे झाकून दिले तरी चालेल, रचना दिसली पाहिजे. ‘ते नंतर बघू’ असं उत्तर आलं तर समजा की तुम्हाला फोटोत उभं राहायला बोलावलंय. आणि पहिली बैठक जानेवारीत असेल तर गाडीत बुटांचा जास्तीचा जोड ठेवा. हॉलच्या दाराशी काढलेले सगळे बूट काळेच असतात. माझे दोनदा बदलले गेलेत.